एका सेकंदात सतरा मीटर!

डोळे मीट. मनात ‘एक’ म्हण. झालं! उघड डोळे.

एवढ्या वेळात काय होऊ शकतं, सांग पाहू? समज, तुझी गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने पळतेय. मग तुझं ते ‘एक’ म्हणून होईपर्यंत जवळजवळ 17 मीटर रस्ता मागे पडला!

पटत नाही? वहीच्या मागच्या पानावर गणित मांड. 60 किलोमीटर म्हणजे 60,000 मीटर. एका तासात सेकंद असतात 3,600. कर भागाकार. आलं ना उत्तर 16 पूर्णांक दोन तृतीयांश? म्हणजे जवळजवळ 17!

आता गंमत ऐक. त्या 17 मीटरांत एक हिरवा पक्षी तारेवर बसून मधमाशी आपटत होता. खाली एका दगडावर लढाई कोरलेली होती. त्याच्या शेजारच्या खडकाचं वय होतं साडेसहा कोटी वर्षं. आणि तुला दिसलं काय? काहीतरी हिरवं, काहीतरी काळं, सुर्रर्रकन गेलेलं!

चालताना मात्र एका सेकंदात आपण जेमतेम सव्वा मीटर पुढे सरकतो. मग सगळं दिसतं!

म्हणून आज आपण एका रस्त्याने रमतगमत जायचं. जुन्नर ते नाणेघाट. पुणे जिल्ह्यात शिवनेरी किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्नर गाव आहे. तिथून पश्चिमेला निघालं की तीस-पस्तीस किलोमीटरवर सह्याद्री एकदम संपतो आणि खाली कोकण दिसतं. एसटीने गेलं तर खिडकी पकड. मोटारीने गेलं तर आईबाबांना आधीच सांगून ठेव, “मी ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं हं!” आणि मधला एखादा तुकडा तरी पायी चालायचाच.

चल तर मग! आधी वर बघ. विजेच्या तारांकडे.

तारेवर चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, पोपटी हिरवा पक्षी दिसतोय? डोळ्यावरून काळी पट्टी ओढलेली. शेपटीच्या मधोमध दोन बारीक काड्या बाहेर आलेल्या. हा वेडा राघू! नाव वेडा, पण वेडेपणाचं एकही काम हा करत नाही. तारेवरून झेप घेतो, हवेतल्या हवेत माशी पकडतो आणि गिरकी घेऊन पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. सगळं दोन-तीन सेकंदांत!

पकडलेली मधमाशी तो लगेच गिळत नाही. का बरं? तिला नांगी असते ना! म्हणून तो तिला चोचीत धरून तारेवर आपटतो. घासतो. पुन्हा आपटतो. नांगी आणि विष निघून गेलं की मग गट्टम! खाली नुसतं उभं राहिलं तरी हे सगळं दिसतं. दुर्बीण असली तर फारच छान, नसली तरी अडत नाही.

पण याची खरी कमाल पुढेच आहे.

वेडा राघू झाडावर घरटं बांधत नाही. रस्त्याकडेला मातीची उभी कड असते बघ, किंवा ओढ्याचा काठ. तिथे तो चोचीने आणि पायांनी बोगदा खणतो. हातभर लांब, कधी त्याहूनही लांब! बोगद्याच्या आतल्या टोकाला अंडी. उन्हाळ्यात या रस्त्याने गेलं तर अशी भोकं नक्की शोध.

पुण्यातले शास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या पक्ष्यांबद्दल एक प्रश्न पडला. घरट्याजवळ माणूस उभा असला की वेडा राघू घरट्यात शिरत नाही. तो तारेवर नाहीतर फांदीवर ताटकळत बसतो. घरटं कुठे आहे हे माणसाला कळू नये म्हणून! पण समजा, माणूस तेवढ्याच अंतरावर आहे, फक्त मध्ये काहीतरी आड आलंय. माणसाला पक्षी दिसतो, पण घरट्याचं तोंड दिसत नाही. मग पक्षी काय करेल?

ओळख पाहू!

पक्षी बिनधास्त आत शिरायला लागले!

कळलं का काय झालं ते? पक्ष्याला फक्त ‘माणूस जवळ आहे’ एवढंच कळत नव्हतं. ‘त्या जागेवरून त्या माणसाला काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये’ हेही तो जोखत होता! हे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले.

हे किती अवघड आहे, माहितीये? घरातल्या छोट्या बाळाबरोबर लपाछपी खेळून बघ. बाळ स्वतःचे डोळे हातांनी झाकून घेतं आणि त्याला वाटतं, आपण लपलो! दुसऱ्याच्या जागेवरून काय दिसतं, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. आणि हा मूठभर पक्षी बसल्या जागेवरून तुझ्या डोळ्यांचा हिशेब करतोय!

म्हणूनच घरट्याच्या तोंडासमोर फार वेळ थांबायचं नाही हं. तू तिथे आहेस तोवर आत भुकेली पिल्लं आणि बाहेर चोचीत किडा धरून ताटकळणारी आई, असं होतं. लांबून बघ आणि पुढे चल.

पुढच्याच तारेवर कोतवाल असेल. काळाकुळकुळीत, शेपूट दुभंगलेली. हा अंगाने लहान, पण घारीच्या आणि कावळ्याच्या मागे लागतो. अगदी पिटाळून लावतो! त्यामुळे काही छोटे पक्षी मुद्दाम कोतवालाच्या शेजारी घरटं बांधतात. फुकटचा पहारा! तो शिक्रा नावाच्या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करतो. त्यामुळे शिक्रा ओरडल्यासारखं वाटलं, तर आधी तारेवर कोण बसलंय ते बघून घे.

आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ. ऊस! माणसापेक्षा उंच, दाट, हिरवागार. आत कोण राहत असेल?

ससा? मुंगूस? हो, तेही असतात. पण जुन्नरच्या उसात बिबट्याही राहतो!

बिबट्या म्हणजे जंगलातला ना? मग शेतात कसा? त्याच्या बाजूने विचार कर. त्याला लपायला दाट जागा हवी. उसात ती मिळते. प्यायला पाणी हवं. उसाला पाणी असतंच. खायला गावातली कुत्री आणि डुकरं आहेत. मग इथेच मादी पिल्लांना जन्म देते. काही पिल्लांनी तर जंगल कधी पाहिलेलंच नसतं! त्यांच्यासाठी ऊस हेच घर.

मग एक दिवस ऊसतोड सुरू होते. कोयते चालतात. आणि अचानक फडात मांजराएवढी दोन ठिपकेदार पिल्लं दिसतात. आई घाबरून आधीच दूर गेलेली असते.

आता काय करायचं?

जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथले डॉक्टर आणि वनखात्याची माणसं येतात. पिल्लं ठणठणीत आहेत ना, ते तपासतात. मग संध्याकाळी पिल्लं जिथे सापडली त्याच जागी त्यांना एका खोक्यात ठेवतात आणि सगळे लांब जातात. अंधार पडतो. आई वास काढत येते. खोकं उलटं करते आणि एकेका पिल्लाला मानेला धरून उचलून नेते! कॅमेऱ्याने टिपलेली अशी दृश्यं मी पाहिली आहेत. दरवेळी जीव भांड्यात पडतो.

गावातल्या माणसांसाठी हे सोपं नसतं बरं का. बिबट्या शेळ्या-वासरं नेतो, आणि माणसांवरही हल्ले झालेले आहेत. म्हणून इथली मुलं संध्याकाळी एकटी शेताकडे जात नाहीत. तूही जायचं नाही. उसाकडे बघायचं ते दिवसा, रस्त्यावरून आणि मोठ्यांबरोबर.

चल पुढे. या भागात गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात किंवा एखाद्या जुन्या झाडाखाली एक उभा दगड दिसला की गाडी थांबवायची! कमरेएवढा दगड. त्यावर एकावर एक चौकटी. चौकटींत माणसं कोरलेली. कधीकधी वरून शेंदूर लावलेला. याला म्हणतात वीरगळ.

ही दगडावरची चित्रकथा आहे! पण वाचायची कशी? वरून खाली? चूक! वीरगळ वाचायचा खालून वर.

सगळ्यात खालची चौकट बघ. लढाई चाललीय. कुणाच्या हातात ढाल-तलवार, कुणी घोड्यावर. वीर इथे लढताना मेला. कधीकधी याच चौकटीत गाई कोरलेल्या असतात. गाई का? पूर्वी चोर गावाची गुरं पळवून न्यायचे. त्यांना अडवताना कुणीतरी जीव दिला, त्याचा हा दगड! मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात घेऊन चालल्यात. सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून बसलाय. आणि अगदी टोकाला चंद्र आणि सूर्य. म्हणजे, जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो!

बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. कोण होता तो, कुणालाच ठाऊक नाही. पण त्या गावातली गाय वाचवायला तो धावला, हे शेकडो वर्षांनी तू आणि मी वाचतोय! मला राजांच्या पुतळ्यांपेक्षा हे दगड जास्त आवडतात. त्यावर पाय देऊन उभं राहू नकोस. आणि आसपास बघ हं, एक असला तर शेजारी दुसरा असतो पुष्कळदा.

आता डोंगर जवळ आले. चावंड किल्ला मागे पडला, समोर जीवधन उभा राहिला. सगळे डोंगर कसे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, बघितलंस? एक काळा कडा, मग हिरवा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कुणी रचलं हे?

लाव्हारसाने! साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली. त्रिकोणी डोंगराच्या टोकातून धूर, असं चित्र तू काढत असशील ना ज्वालामुखीचं? तसं नव्हतं हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाल रस बाहेर आला. पसरला. थंड झाला. मग त्यावर दुसरा थर. मग तिसरा. आजी तव्यावरून घावन काढून ताटात एकावर एक ठेवते ना? अगदी तशी चळत! फक्त सह्याद्रीत ही चळत काही ठिकाणी दोन किलोमीटर जाड झालीय!

घावनाला जाळी पडते, तशी या खडकालाही पडलेली असते. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे जवळून बघ. काळ्या दगडात बारीक बारीक भोकं! लाव्हारसात वायूचे बुडबुडे होते, ते तिथेच अडकले. पुढे लाखो वर्षं खडकातून पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यातल्या क्षारांनी काही भोकं भरून गेली. म्हणून कुठे कुठे पांढरे स्फटिक चमचमताना दिसतात. त्यांना झिओलाइट म्हणतात. बोट लावून बघ, कसे खरखरीत लागतात!

त्याच खडकावर राखाडी-हिरवे गोल गोल डाग दिसतील. रंग सांडलाय का कुणाचा? नाही, ते जिवंत आहेत! ते दगडफूल. तुझ्या घरी गोड्या मसाल्यात जे घालतात ना, तेही याच कुळातलं. एका डागात दोघं राहतात. बुरशी आणि शेवाळ. बुरशी घर देते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हात अन्न तयार करतं. दोघांचं मिळून एक बिऱ्हाड! ते इतकं हळू वाढतं की पुढच्या वर्षी येऊन पट्टीने मोजलंस तरी फरक जेमतेम काही मिलिमीटर.

उतारावर ती झुडपं दिसतात, ती कारवीची. साध्या वर्षी कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पण ती सात-आठ वर्षं वाट बघते आणि मग एका पावसाळ्याअखेर सगळा डोंगर एकदम जांभळा-निळा करून टाकते! फुलून झाली, बी धरलं, की मरून जाते. म्हणजे आत्ता तू तिसरीत असशील आणि कारवी फुललेली बघितलीस, तर पुन्हा फुलेल तेव्हा दहावी आलेली असेल!

आणि आता... रस्ता संपला! पुढे जमीनच नाही. एकदम खोल कडा आणि खाली कोकण. आलो आपण नाणेघाटात!

पावसाळ्यात इथे एक अजब गोष्ट दिसते. पाणी कड्यावरून खाली पडायला निघतं आणि उलटं वर उडतं! अगदी खरं. समुद्रावरून आलेला वारा कोकण ओलांडतो आणि या भिंतीवर आदळतो. पुढे जायला वाट नाही. मग तो भिंतीला घासत सुसाट वर चढतो. बारीक धारेतले थेंब हलके असतात, त्यांना तो वरच्या वर उचलून मागे फेकतो. उभं राहिलेल्यांच्या तोंडावर सपकारा! मोठ्या, जाड धबधब्याला मात्र वारा उचलू शकत नाही. वारा पडला की ही धारही गुपचूप खाली पडायला लागते. कड्याच्या टोकाशी मात्र अजिबात जायचं नाही. मागे उभं राहूनही छान भिजता येतं!

कड्याच्या माथ्यावर एक अरुंद खिंड आहे. खडक फोडून केलेली. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत जहाजं लागायची. तिथला माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर लादून व्यापारी याच वाटेने वर चढायचे आणि जुन्नर, पैठणकडे जायचे. खिंडीच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे. तू आत बसू शकशील एवढा! घाट चढून आलेल्यांकडून जकातीची नाणी यात गोळा करायचे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आजचा टोलनाकाच की!

खिंडीतून थोडं खाली उतरलं की डोंगरात कोरलेली गुहा लागते. आत भिंतींना लागून दगडी बाक आहे. बस जरा. दमलेले व्यापारीही इथेच टेकले असतील.

आता भिंतींकडे बघ. अक्षरं! सगळी भिंत भरून अक्षरं. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी जोडलेला हा लेख. कोणकोणते यज्ञ केले आणि दान काय काय दिलं, त्याची ही यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मोठ्या मूर्ती होत्या. त्या आता राहिल्या नाहीत. कोण कुठे उभं होतं हे सांगणारी नावं मात्र वर अजून आहेत!

पण मला सगळ्यात जास्त काय आवडतं, सांगू? या यादीतले आकडे!

दान किती दिलं हे लिहायचं, तर आकडे लागणारच. आणि आज आपण जे आकडे लिहितो, त्यांच्या पणजोबांचे पणजोबा या भिंतीवर बसलेत! जगातल्या पुष्कळ देशांत आज जे आकडे लिहितात, त्यांचं मूळ याच ब्राह्मी आकड्यांत आहे.

या आकड्यांत एक जण गैरहजर आहे. कोण बरं? शून्य! मग दहा कसे लिहायचे? दहासाठी एक वेगळंच चिन्ह होतं. वीससाठी आणखी वेगळं. शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. सतरा लिहायचे असले तर आधी दहाचं चिन्ह काढायचं, मग शेजारी साताचं. केवढी चिन्हं पाठ करायची! आपल्याला नुसत्या दहा चिन्हांत कोट्यवधी लिहिता येतात, ही किती मोठी सोय आहे!

आता कागद-पेन्सिल घे. या भिंतीवरचा एक म्हणजे नुसती एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, एकीखाली एक. काढल्यास? आता त्याच दोन रेघा भराभर काढ. पण अट अशी, की पेन्सिल कागदावरून उचलायची नाही! वरची रेघ डावीकडून उजवीकडे, मग पेन्सिल तशीच तिरकी खाली आण आणि खालची रेघ ओढ.

काय झालं? दोन! इंग्रजीच्या वहीतला 2 तयार झाला! वरचा कोपरा जरा गोल केलास तर आपला मराठी २ सुद्धा दिसायला लागेल. लिहिणाऱ्यांचे हात घाईत होते, लेखणी उचलायचा कंटाळा होता, आणि शेकडो वर्षांत त्या दोन रेघांचा असा आकडा झाला!

ब्राह्मीत तीन म्हणजे एकीखाली एक तीन आडव्या रेघा. चल, पेन्सिल न उचलता काढ पाहू!